लहान मुलांना घेऊन थीम पार्क : आपापले अनुभव लिहा

थीम पार्कबद्दलची बहुतेक माहिती वाचली की वाटतं, लिहिणाऱ्याच्या घरी बारा वर्षांखालचं कोणी नसावं. सर्वांत उंच राईड कुठली, कमी वेळात जास्तीत जास्त राईड कशा उरकायच्या, याची जंत्री तयार असते. चार वर्षांचं मूल भर दुपारी रांगेत बसकण मारतं तेव्हा काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना नेलं असेल त्यांनी लिहा, पार्क कुठलंही चालेल. मुलाचं वय आधी सांगा, कारण अडीच वर्षांच्या पोराची गोष्ट सहा वर्षांच्या पोराला लागू पडत नाही.

सुरुवात मीच करते. मुलगी पाचची, मुलगा नुकताच तीनचा. निघण्याआधी दोघांना भिंतीला टेकवून उंची मोजली आणि पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राईडची मर्यादा पाहून कागदावर दोन याद्या केल्या. मुलीला तिच्या यादीबाहेरचं काही दाखवलंच नाही. त्यामुळे उंची मोजायच्या पट्टीपाशी उभं राहून 'तू बसत नाहीस' हे ऐकायची वेळ आली नाही. मर्यादा दर पार्कची वेगळी असते. एकाच नावाच्या राईडचीही असते : 'स्पेस माउंटन'ला कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १०२ सेंटिमीटर लागतात, फ्लोरिडाच्या डिस्ने पार्कात ११२. तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावर जाऊ नका.

एक विनंती. बुटात कागद कोंबून किंवा केसांचा बुचडा उंच बांधून मुलाला पट्टीपार नेण्याचे सल्ले फिरत असतात. ते इथे नकोत. अडवणारा दांडा मांडीवर आणि कमरेवर नीट बसावा, अशा हिशोबाने ती उंची ठरवलेली असते. अंग लहान असलं की मूल दांड्याखालून सरकतं.

*

जुळ्यांचे बाबा

आमची दोघं चार वर्षांची, वर मोठी मुलगी आठ वर्षांची. म्हणजे एकीला सगळं हवं आणि दोघांना काहीच चालत नाही. आम्हाला तारलं ते आलटून-पालटून बसण्याच्या सोयीने. डिस्नेच्या पार्कांत तिला 'रायडर स्विच' म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये 'चाइल्ड स्वॅप'. राईडच्या तोंडाशी सगळं कुटुंब घेऊन जायचं आणि तिथल्या माणसाला सांगायचं. एक मोठा माणूस बसून येतो, दुसरा धाकट्यांना सांभाळतो, मग दुसरा पुन्हा मोठी रांग न लावता बसतो. नियमांत बसत असेल तिथे आमची मोठी आधी आईबरोबर आणि नंतर माझ्याबरोबर, अशी दोनदा बसली. लहान भाऊ असल्याचा तेवढा एक फायदा तिने त्या दिवशी मान्य केला. इतर पार्कांतही अशी सोय बऱ्याचदा असते, पण पाटी असेलच असं नाही. विचारा.

बाबागाडीबद्दल. मूल एरवी चालतं म्हणून गाडी घरी ठेवू नका. पाच वर्षांचं मूलसुद्धा असल्या दिवशी एरवीच्या कितीतरी पट चालतं. पण माप बघा : अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत २०१९ पासून ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब गाडी चालत नाही, आणि ओढायच्या वॅगनला तर बंदीच आहे. राईडबाहेर गाड्या लावायची जागा असते. तिथले कर्मचारी गाड्या सरकवून ओळी नीट लावतात, त्यामुळे ठेवली तिथे ती सापडत नाही. दांड्याला भडक रंगाचं फडकं बांधा आणि पैसे, कागदपत्रं, औषधं गाडीत ठेवू नका.

*

आवाजाला घाबरणाऱ्या मुलाची आई

मुलगा सहा वर्षांचा. उंची भरपूर, पण अंधार, भोंगा, अचानक उडणारी वाफ यातलं काहीही त्याला चालत नाही. उंचीची पट्टी शरीर बसतं की नाही एवढंच सांगते. मनाचं तिला कळत नाही. सगळ्यांत सौम्य दिसणाऱ्या, होडीतून जायच्या राईडमध्येसुद्धा मध्येच काळोख आणि ढोल असू शकतात.

आम्ही दोन गोष्टी करतो. राईडचा आतून काढलेला व्हिडिओ आदल्या दिवशी दाखवतो, आवाजासकट. शिवाय आत जाण्याआधी बाहेर पडायच्या दाराशी पाच मिनिटं उभे राहतो. त्याच्या वयाची मुलं कशी बाहेर येतात, हसत की आईच्या खांद्यात तोंड खुपसून, ते तो स्वतःच बघतो आणि ठरवतो. नाही म्हणाला तर नाही. रांगेत तासभर थांबून अगदी दारात नाही म्हणाला तरी नाही. त्या वेळी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं.

कानावर लावायचे आवाजरोधक जवळ ठेवाच, आतषबाजीला आणि मिरवणुकीला उपयोगी पडतात. कुणी न सांगितलेली एक भीती म्हणजे स्वच्छतागृह. आपोआप धो धो पाणी सोडणारा कमोड आणि हात वाळवायचं यंत्र, या दोन्हींनी माझ्या मुलाला कुठल्याही राईडपेक्षा जास्त रडवलंय. चिकटणाऱ्या कागदाचा तुकडा कमोडच्या सेन्सरवर लावायचा, मूल उठलं की काढायचा. हात रुमालाला पुसायचे.

पेनसिल्व्हेनियातल्या सेसमी प्लेसने २०१८ मध्ये स्वमग्न मुलांसाठीचं प्रमाणपत्र मिळवलं, थीम पार्कांत ते पहिलं. त्यांनी प्रत्येक राईडला स्पर्श, आवाज, प्रकाश, वास अशा संवेदनांप्रमाणे गुण दिले आहेत. हल्ली आणखी काही पार्कंही असा तक्ता देतात. मूल स्वमग्न नसलं तरी तो बघा, तीन-चार वर्षांच्या कुठल्याही मुलाला तो उपयोगी आहे.

*

धागाकर्ती

दाराशी उभं राहून चेहरे बघण्याची युक्ती फारच आवडली. मोठाले मुखवटे घालून फिरणाऱ्या पात्रांचं काय करता? माझा तीन वर्षांचा लेक चित्रातल्या उंदरावर जीव टाकतो आणि समोर सहा फुटी उंदीर आला की किंचाळतो.

*

आवाजाला घाबरणाऱ्या मुलाची आई

लांबून हात हलवायचा आणि पुढे जायचं. फोटोसाठी ढकलायचं नाही. ती पात्रं करणारी माणसं समजूतदार असतात, मूल घाबरलंय हे दिसलं की स्वतःहून थांबतात किंवा खाली बसतात. उतावळे आपणच असतो.

*

नातवंडांचे आजोबा

नात चार वर्षांची, नातू सात. माझे गुडघे सत्तरीचे. माझं काम एका जागी बसून राहण्याचं, आणि त्या दिवशी सर्वांत उपयोगाचा माणूस मीच होतो, असं सून म्हणाली. सावलीतला एक बाक पकडायचा, सगळ्यांना तो सकाळीच दाखवायचा, आणि पिशव्या, बाटल्या, झोपलेली नात असं सगळं तिथे जमा करायचं. ज्याला कंटाळा येईल त्याने बाकावर परत यायचं. कुणी कुणाला फोन करत बसत नाही.

बाकाला हसू नका. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली घोड्यांच्या चक्रावर बसलेल्या आणि बाप बाकावर बसून बघतोय, अशा वेळी आईवडील आणि मुलं दोघांनाही मजा येईल अशी जागा हवी, असं वॉल्ट डिस्नेला वाटलं. ते त्यानेच सांगितलं होतं. पुढे १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं. आमच्या जातीच्या लोकांनीच हे सगळं सुरू केलंय.

आणि नातीला दुपारी झोपू द्या. 'एवढं तिकीट काढलंय आणि झोपते काय' असं म्हणणारे बाप मी तिथे ढिगाने पाहिले. संध्याकाळी सहा वाजता ते त्याच पोरीला खांद्यावर घेऊन, ती हातपाय झाडत असताना, दाराकडे चाललेले असतात.

*

सकाळवाला

मुलगी साडेचार वर्षांची. आजोबांशी सहमत, पण माझा उपाय उलटा आहे. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचायचं, पहिल्या दोन तासांत तिला हव्या त्या राईड करायच्या आणि दुपारी दोनला सरळ बाहेर. मागे वळून बघायचं नाही. जेवण अकरा वाजता, कारण साडेबाराला खाण्याच्या ठिकाणची रांग राईडपेक्षा लांब असते. बाळाचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देतात, बाकी खाऊचा नियम मात्र आधी वाचा.

*

मुलांच्या वॉर्डात काम करणारी परिचारिका, दोन मुलांची आई

मी पाण्याच्या पार्कबद्दल लिहिते, कारण तिथे लोक जास्त निर्धास्त असतात.

मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. कोरड्या बागेतल्या घसरगुंडीवरूनही नको. मायेपोटी केलेली ही गोष्ट पाय मोडायचं नेहमीचं कारण आहे. मुलाचं पाऊल कडेला अडकतं, आपलं वजन मात्र खाली जातच राहतं आणि नडगीचं हाड पिरगळतं. एकटं मूल अडकलं तर बहुधा तिथेच थांबतं, इतका जोर येत नाही. पाण्याच्या घसरगुंडीवर तुमच्यासोबत बसवायची परवानगी असेल तर पार्क दुहेरी ट्यूब देतं, तीच घ्या.

दंडावर घालायचे हवेचे फुगे म्हणजे सुरक्षा नाही. अंगावर नीट बसणारं लाइफ जॅकेट घाला. ते घातलं तरी न पोहणारं मूल हाताच्या अंतरावर हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, गप्प जातं. पोहायचे कपडे झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी असू द्या. निळा आणि पांढरा रंग पाण्यात दिसेनासा होतो.

पोहायचा डायपर पातळ शी अडवत नाही, फार तर काही मिनिटं लांबवतो. पोट बिघडलेलं असेल तर जाणं रद्द करा, तिकीट वाया गेलं तरी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगू शकतो. त्याच्यामुळेच जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये. आणि पाणी गिळायचं नाही हे मुलांना आधीच शिकवा.

ऊन. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावलीतच ठेवायचं. बाबागाडीवर जाड चादर टाकू नका, आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. मूल मलूल झालं किंवा बराच वेळ शू झाली नाही, तर 'दमलंय' म्हणून सोडून देऊ नका. थंड जागा शोधा आणि घोट घोट पाणी द्या, तरी तरतरी येत नसेल तर प्रथमोपचार केंद्र गाठा. ते कुठे आहे हे नकाशावर सकाळीच बघून ठेवा. डिस्नेच्या पार्कांत बाळांसाठी वेगळं केंद्र असतं, दूध पाजायला आणि कपडे बदलायला आडोसा मिळतो.

*

हरवलेल्या मुलाची मावशी

भाचा पाच वर्षांचा. मिरवणूक बघताना एका क्षणी हात सुटला. सापडला, सुखरूप आहे, म्हणून लिहू शकते.

उपयोगी पडलेल्या गोष्टी : सकाळी दाराशी काढलेला त्याचा फोटो, त्याच कपड्यांत. 'शर्ट कुठला होता' या प्रश्नाला त्या अवस्थेत त्याच्या आईला उत्तर सुचत नव्हतं. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनने लिहिलेला फोन नंबर. आणि त्याला सांगून ठेवलेलं एक वाक्य, 'आम्ही दिसेनासे झालो तर आहेस तिथेच थांब, आणि छातीवर नावाचा बिल्ला असलेला माणूस दिसला की त्याला सांग.' आईचं खरं नाव त्याला येत होतं. बऱ्याच मुलांना ते 'आई' एवढंच माहीत असतं, आजच तपासून बघा.

आम्ही त्याच्या नावाने हाका मारत होतो. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, वर्णन ओरडा : पिवळा शर्ट, लाल टोपी, पाच वर्षांचा मुलगा. लगेच आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. नावाला कुणी वळत नव्हतं. आणि हो, शर्टवर मोठ्या अक्षरांत नाव छापू नका. नावाने हाक मारणारा प्रत्येक जण मुलाला ओळखीचा वाटतो.

*

जुळ्यांचे बाबा

मनगटावर लिहिल्यावर वर जखमेवर लावायचं द्रव बँडेज फासा. घामाने आणि पाण्याने नंबर लवकर जात नाही.

*

धागाकर्ती

हे वाचून मुलांना आमची पूर्ण नावं विचारली. मुलीने बाबाचं आडनावासकट सांगितलं. माझं नाव तिच्या मते 'अगं' आहे.

*

भोवळ येणाऱ्यांच्या वतीने

गोल फिरणाऱ्या राईडचं कुणी लिहिलं नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गरगरण्याचा त्रास सगळ्यांत जास्त होतो, त्यामुळे जेवल्यावर लगेच नको. मोठ्या कपात बसून गोल फिरायच्या राईडमध्ये मधलं चाक कुणी फिरवलं नाही तर गिरक्या खूपच कमी होतात. माझा सात वर्षांचा मुलगा चाकाचा मालक मीच असं म्हणतो, म्हणून त्याला त्याच्या आत्याबरोबर पाठवतो.

चक्राकार राईडमध्ये शेजारी बसायचं असेल तर लहान मूल आतल्या बाजूला आणि आपण बाहेरच्या. वेगात दोघं बाहेरच्या बाजूला फेकले जातात. उलटं बसलात तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं. पाटीवर काही वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं.

*

नवी सभासद

मुलगी दोन वर्षांची आहे. न्यावं की थांबावं?

*

नातवंडांचे आजोबा

तिला न्यायचंय की तुम्हाला जायचंय? दोन्ही चालतं, फक्त आधी ठरवा. तिच्यासाठी असेल तर घोड्यांचं चक्र, छोटी आगगाडी आणि बदकं असलेलं तळं एवढं पुरतं. लेगोलँडसुद्धा स्वतःला दोन ते बारा वयाच्या मुलांचं पार्क म्हणवतं, म्हणजे ती जेमतेम काठावर आहे. तुमच्यासाठी असेल तर आजी-आजोबांना सोबत न्या. बाक मी सुचवलाच आहे.