प्रतिसाद: पत्ता वाचताना ‘इनेट_एटन’ नको

सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) परवानगी किंवा बंदी असलेल्या यंत्रांचे आयपी पत्ते मजकूर म्हणून लिहिलेले असतात. ते वाचणारं सी भाषेतलं ‘इनेट_ॲड्र’ हे फंक्शन काढून ‘इनेट_एटन’ घालावं, असं एका प्रतिसादात सुचवलंय. त्याने एक दोष जाईल: २५५.२५५.२५५.२५५ हा वैध पत्ता आणि चूक यांतला फरक कळेल. पण खरा धोका तसाच राहतो. ‘इनेट_एटन’ला १०.१ दिलं तर ते १०.०.०.१ धरतं, आणि ०१० लिहिलं तर अष्टमान (आठच्या पायाची संख्या) समजून ८. एखाद्याने रकाने सरळ दिसावेत म्हणून शून्यं भरली, की परवानगी भलत्याच यंत्राला मिळते, तीही एकही एरर न येता. सर्व्हरमध्ये हे मला अजिबात मान्य नाही.

नुसता आकडी पत्ता (यंत्राचं नाव नव्हे) हवा असेल तर ‘इनेट_पीटन’ वापरा. अपुरे पत्ते ते सरळ नाकारतं. फक्त एफई८०::१%ईटीएच० या आयपीव्ही६ (नव्या आवृत्तीच्या) पत्त्यातला टक्क्यापुढचा भाग, म्हणजे नेटवर्क इंटरफेसचं नाव, त्याला कळत नाही. तिथे ‘गेटॲड्रइन्फो’ लागतं, आणि सोबत ‘एआय_न्यूमरिकहोस्ट’ (फक्त आकडी पत्ता घे, नाव शोधू नको, असं सांगणारा फ्लॅग) द्यायलाच हवं, नाहीतर कॉन्फिगमधल्या एका टायपोपायी सर्व्हर सुरू होतानाच डीएनएसची (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची) वाट पाहत बसतो. मात्र १०.१ सारखे जुने प्रकार ‘गेटॲड्रइन्फो’ही स्वीकारतं, म्हणून आयपीव्ही४साठी (जुन्या, चार आकड्यांच्या पत्त्यांसाठी) आधी ‘इनेट_पीटन’च.

पत्त्याची रचना (पत्ता ठेवणारं सीमधलं ‘स्ट्रक्ट’) हाताने भरू नका. बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तिच्यात लांबीचं एक जादा फील्ड असतं, लिनक्समध्ये नसतं. ‘गेटॲड्रइन्फो’ने दिलेली रचना आणि लांबी तशीच पुढे द्या. विंडोजवर त्याआधी नेटवर्किंग सुरू करणारं ‘डब्ल्यूएसएस्टार्टअप’ हवं.

आणि कृपया पत्त्यांची तुलना मजकूर म्हणून करू नका. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही ऐकणाऱ्या सॉकेटवर (जोडणी जिथे येते त्या टोकावर) १९२.०.२.१ हा ::एफएफएफएफ:१९२.०.२.१ होऊन येतो आणि बंदीच्या यादीतून निसटतो.