किनाऱ्यावरच्या खानावळीतील मासळीचे जेवण : आपले अनुभव लिहावेत

वाळूपासून हाकेच्या अंतरावर, झापांच्या किंवा पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या खानावळी ही आपल्या किनारपट्टीची खास देणगी आहे. तिथे बहुधा छापील यादी नसते. त्या दिवशी होडीतून काय उतरले, यावर ताटात काय येणार हे ठरते. आपण अशा ठिकाणी काय जेवलात, ते कोठून आले होते आणि कोणी कसे रांधले, हे सविस्तर लिहावे. ‘चव उत्तम होती’ एवढ्याने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, म्हणून हा आग्रह.

सुरुवात मी मालवणजवळच्या देवबागपासून करतो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची अरुंद पट्टी, अशी या गावाची रचना आहे. आम्ही जेवलो ती खानावळ म्हणजे नदीच्या बाजूचा एका घराचा पडवीवजा भाग होता. सकाळी फोन केला तेव्हा घरच्या काकूंनी स्पष्ट सांगितले, “आज सुरमय गावाक नाय, बांगडे मात्र ताजे आसत.” सुरमईसाठी आलेले काही जण थोडे नाराज झाले, परंतु दुपारी तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, म्हणजे दाटसर कालवण, पुढे आले आणि ती नाराजी उरली नाही. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद यांचे बारीक वाटण, आंबटपणाला आमसुले आणि शेवटी बिया काढून किंचित ठेचलेली तिरफळे, एवढाच त्याचा जिन्नस. कांदा-लसूण नाही. बांगडा तेलकट मासा असल्यामुळे तिरफळाचा उग्र वास त्याला पेलतो. सरंग्यासारख्या नाजूक माशात तो सगळी चव झाकून टाकील. माझे ठाम मत असे आहे की, कोकणात जाऊन केवळ सुरमई आणि पापलेट मागणारा माणूस निम्म्याहून अधिक कोकण न चाखताच परततो.

*मालवणहून, खानावळ चालवणाऱ्या एक ताई लिहितात :*

वरील शेवटच्या वाक्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे बसण्यापूर्वीच सुरमईची चौकशी करतात. मोठ्या सुरमईला आणि सरंग्याला मोठ्या शहरांतून इतकी मागणी आहे की, किनाऱ्यावरसुद्धा ती आम्हाला चढ्या भावानेच घ्यावी लागते, आणि मग थाळीची किंमत ऐकून पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या येतात. याउलट रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, मुडदुसे, पेडवे, बांगडे, लेप असे जे मिळते, ते तासाभरात आमच्या चुलीपर्यंत पोहोचते. रापण ओढायला माणसे उभी राहिली की आम्ही टोपली घेऊन वाळूत जातो. त्याहून ताजे मासे कोणत्याही शीतपेटीत मिळणार नाहीत. मुडदुशाला काटे थोडे जास्त असतात, पण ते सावकाश खाण्याची तयारी असेल तर त्यासारखी गोडी दुसऱ्या माशाला नाही.

आणखी एक विनंती. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत आम्ही खाडीतले मासे, कुर्ल्या (खेकडे), सुक्या बांगड्याची किंवा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) कढी आणि भाकरी देतो. हे कमी प्रतीचे जेवण नव्हे. आमच्या घरात पावसाळाभर आम्ही हेच जेवतो. कृपया एक दिवस आधी कळवून यावे, म्हणजे सोलकढीसाठी नारळाचे दूध ताजे काढता येते.

*पुण्याहून :*

जुलैमधील एका किनारी उपाहारगृहाचा अनुभव मला ताईंच्या पत्राने आठवला. ‘आजची सुरमई’ म्हणून वाढलेली तुकडी आतून कोरडी आणि भुसभुशीत होती. विचारल्यावर ती बर्फातली असल्याचे त्यांनी मान्य केले. गोठवलेला मासा विकण्यात काही गैर नाही. तो ताजा म्हणून विकणे गैर आहे.

*दापोलीहून :*

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालतो, तेव्हा समोर सुवर्णदुर्ग आणि वाळूवर मासळीच्या राशी असे दृश्य असते. होड्यांपासून किनाऱ्यापर्यंत मासळी आणायला बैलगाड्या वापरण्याची येथील पद्धत अनेकांनी पाहिली असेल. लिलावात घरगुती गिऱ्हाइकाने उतरू नये. शेजारी बसलेल्या कोळणींकडून वाटा घ्यावा आणि तो ओळखीच्या खानावळीत रांधायला द्यावा. आम्ही कोळंबी आणि ओले बोंबील तसेच दिले होते. बोंबील पाट्याखाली दाबून, पाणी पूर्ण काढून, तांदळाच्या पिठात घोळवून तळले होते. रव्यापेक्षा हे आवरण मला नेहमीच अधिक आवडते.

*मडगावहून :*

गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅक, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा खानावळी, हंगामी असतात. पावसाच्या आधी उतरवायचे आणि पाऊस संपल्यावर पुन्हा उभारायचे. तेथे बसून समुद्र पाहावा. शीत-कडी, म्हणजे भात आणि कालवण, जेवायची असेल, तर मात्र नदीकाठच्या गावातील साधी खानावळ गाठावी. उकड्या तांदळाचे शीत, हुमण (माशाचे कालवण), तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरे घातलेली कोशिंबीर) आणि रव्यात तळलेली नुस्त्याची (मासळीची) एक फोड, एवढ्यात गोमंतकीयाची दुपार संपूर्ण होते.

*बोस्टनहून, आजोळ वर्सोव्याचे :*

येथून उत्तरेला मेन राज्यात रस्त्याच्या कडेला ‘लॉबस्टर पाउंड’ नावाची अशीच साधी ठिकाणे आहेत. काही ठिकाणी बाहेर लाकडांच्या जाळावर समुद्राचे पाणी उकळत असते; आपण शेवंड (लॉबस्टर) निवडायची, ती वजन करून जाळीत घालून उकडली जाते आणि लाकडी बाकावर बसून हातांनी फोडून खायची. मसाला काहीच नसल्यामुळे आजीच्या कालवणाची आठवण तीव्र होते, हे खरे. तरीही मला तेथील एक शिस्त अतिशय मोलाची वाटते. शेवंडीची पाठीची कवटी सव्वातीन इंचांपेक्षा लहान किंवा पाच इंचांपेक्षा मोठी असेल, तर ती परत समुद्रात सोडावी लागते. अंडी धरलेल्या मादीच्या शेपटीला खाच पाडून तिला सोडतात, म्हणजे पुढे अंडी नसतानाही तिला कोणी ठेवून घेत नाही. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला आणि त्याच वर्षी पापलेटाला राज्यमासा घोषित केले. म्हणून तळहाताएवढेही नसलेले पापलेट कोणी तव्यावर भाजून पुढे ठेवले, तर ते आपण मागवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

*रत्नागिरीहून :*

कालव्यांचा, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचा, उल्लेख अद्याप कोणी केला नाही, म्हणून लिहितो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या ओहोटीला खडक चांगले उघडे पडतात, तेव्हा बायका कोयतीने कालवे फोडून आणतात. त्यामुळे खाडीकाठच्या खानावळीत ती रोज मिळत नाहीत. तिथी पाहून आदल्या दिवशी सांगून ठेवावे आणि त्यांचे सुके सांगावे. पातळ रश्शात ती हरवून जातात.