कपड्यांना इस्त्री अजून लागते का? तुमचे अनुभव सांगा

खाडीकाठची (ऐरोली)
आज सकाळी लेकीचा युनिफॉर्म इस्त्रीला घेतला आणि लाइट गेली. एक बाही झालेली, बाकी सगळं तसंच. व्हॅन खाली येऊन उभी. "आई, दे गं तसाच, कोण बघतंय!" म्हणाली आणि गेलीसुद्धा.

मला मात्र तेव्हापासून आजी आठवतेय. आम्ही तेव्हा कोपरीला चाळीत राहायचो. घरात इस्त्री नव्हती. शनिवारी शाळेत पांढरा ड्रेस. आंघोळी आटपल्या की आजी बंबातले निखारे चिमट्याने उचलून पितळी तांब्यात भरायची, गळ्याला जाड फडकं गुंडाळायची, कापडावर पाण्याचा शिपका मारायची आणि तांब्याचं बूड फिरवायची. चर्र आवाज आणि गरम सुताचा वास! कॉलरच्या टोकाला ते बूड नीट बसायचं नाही, मग टोक गरम असतानाच ती तळव्याने दाबून ठेवायची.

आता नवरा इथेच आयटी पार्कमध्ये टीशर्टवर जातो. फॉर्मल शर्ट लग्नामुंजीपुरते. तरी मला वाटतं, इस्त्री लागते. चादरी-टॉवेलना नाही, पण शाळेच्या आणि कामाच्या कपड्यांना लागतेच. तुमच्याकडे काय चालतं? जुन्या आठवणीही येऊ द्या.

फास्टलोकल
रोज ठाणे-दादर. कडक इस्त्रीचा शर्ट घालून चढलो तर मुलुंड यायच्या आत पाठ चुरगळलेली. म्हणून गेली कित्येक वर्षं टीशर्टवर प्रवास. शर्ट घडी करून डब्याच्या पिशवीत, वर पुठ्ठा. ऑफिसात पोचलो की बदलायचा. आमच्या डब्यातले चारपाच जण हेच करतात.

साडीवेडी
तांब्याची इस्त्री!! आमच्या आईकडेही हेच. डोळ्यात पाणी आणलंस गं.

घोडबंदरवासी
२०२० पासून आमच्या घरात इस्त्री बंद. घरून काम सुरू झालं तेव्हा जी माळ्यावर गेली ती गेली. मशीनमधून काढले की झटकायचे आणि हँगरलाच वाळत घालायचे. कुणीही कधी काही बोललेलं नाही. रविवारची दुपार मोकळी मिळते, ती मला जास्त मोलाची आहे.

वाशी१७
यावर मोहीमच निघाली होती की. मे २०२४ मध्ये सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, आपल्या लोकांना सांगितलं होतं, सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून या. 'रिंकल्स अच्छे हैं' नाव होतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतन सोळंकी यांच्या एनर्जी स्वराज या संस्थेची कल्पना. एका जोडीच्या इस्त्रीमागे साधारण २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असा त्यांचा हिशेब. मला पटलं. सोमवारी मी अजूनही पाळते.

फास्टलोकल
@वाशी१७ पण १००० वॅटची इस्त्री सलग तासभर चालली तर कुठे १ युनिट जळतं, त्यात मध्ये मध्ये कट होते ती वेगळी. एसी रात्रभर चालतो त्याचं काय?

वाशी१७
एसी पण २६ वर ठेवतो आम्ही 🙂 एकानेच सगळं होणार नाही, खरंय. पण सोमवारी कुणी चुरगळलेला दिसला की विषय निघतो, त्यासाठीच होतं ते.

कळव्याचा_शिक्षक
वर्गात मुलांचे डोळे सगळं टिपतात. ज्या मुलाचा शर्ट चुरगळलेला त्याला चिडवतात, आणि बहुतेक वेळा त्याची आई पहाटेच कामाला गेलेली असते. आमच्या शाळेत मी ठरवून सांगितलंय, कपडा स्वच्छ हवा, इस्त्रीबद्दल कुणी कुणाला बोलायचं नाही. खाडीकाठची, तुमची लेक बिनधास्त गेली याचा आनंद वाटला.

सीवूड्सची_काकू
जुलैत काय करता ते सांगा आधी. चार दिवस दोरीवर असूनही कुबट वास. आमच्याकडे पावसाळ्यात इस्त्री ही वाळवायलाच लागते. मिस्टरांना गजकर्ण झालं होतं तेव्हा स्किनच्या डॉक्टरांनीच सांगितलं, आतले कपडे उलटे करून गरम इस्त्री फिरवा आणि टॉवेल वेगळा ठेवा. तेव्हापासून इतर कपड्यांना एक वेळ नाही, पण त्यांना होतेच.

माहेर_नौपाडा
काकू, अगदी अगदी. आम्ही काही वर्षं नायजेरियात लागोसला होतो. तिथे टुंबू माशी असते, बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. तसाच कपडा घातला तर अळी कातडीत शिरते, गळवासारखी गाठ येते. त्यामुळे चादर, लंगोट, मोजे, सगळ्यांवर दोन्ही बाजूंनी कडकडीत इस्त्री, शिवणींवर जास्त. धाकटा तेव्हा तान्हा. परत ठाण्यात आल्यावरही त्याचं टोपडं इस्त्री केल्याशिवाय मला घालवत नव्हतं. सासूबाई बघत राहायच्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत.

खाडीकाठची (ऐरोली)
बापरे, हे माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला.

सूतकताई
कापड शिकलेय म्हणून थोडं. कापूस म्हणजे सेल्युलोज, रेणूंच्या लांबलचक साखळ्या. धुताना पाणी आत शिरतं, साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात, आणि कपडा चोळामोळा होऊन वाळला की त्याच आकारात परत जुळतात. इस्त्रीत ओलावा आणि उष्णतेने ते पुन्हा सोडवायचे आणि दाबून सपाट बसवायचे. म्हणून तुमच्या आजीचा शिपका महत्त्वाचा. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात एक टिंब म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन १५०, तीन २००. रिंकल-फ्री शर्टांना रेझिन लावलेलं असतं, पुष्कळदा फॉर्माल्डिहाइडचं, ते कातडीला त्रास देऊ शकतं, तेव्हा नवा शर्ट धुऊनच घाला.

घोडबंदरवासी
हे शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर!

टपरीवाल्याची_मुलगी
सकाळपासून वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझ्या बाबांची वर्तकनगरला इस्त्रीची टपरी होती. एका बिल्डिंगच्या जिन्याखाली, वर पत्रा. कोळशाची इस्त्री, उचलायलाच पाचसहा किलो. सकाळी कोळसे पेटवून पुठ्ठ्याने वारा घालायचं काम माझं, शाळेच्या आधी. राख उडून पांढऱ्या कपड्यावर बसू नये म्हणून तोंड रस्त्याकडे करून. बाबा कपड्यावर नंबर घालायचे नाहीत. कॉलर बघून सांगायचे, हा तिसऱ्या मजल्यावरच्या सरांचा, हा बँकेतल्या ताईंचा दुपट्टा. एकदाही अदलाबदल झाली नाही.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. लोक घरी बसले, कपडे यायचे थांबले. सुरू झाल्यावरही ऑफिसचे शर्ट आले नाहीत, नुसत्या साड्या आणि पडदे. बाबांनी उधारीवर गॅसची इस्त्री घेतली, धूर गेला, वजन कमी झालं, पण खांदा तोवर गेलेला. आता घरी असतात. दादा रिक्षा चालवतो, मी नर्स आहे.

माझा युनिफॉर्म अजून बाबाच करतात. मला करूच देत नाहीत. तेव्हा लागते की नाही हे मला विचारू नका, मी लागते असंच म्हणणार. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल करू नका. पण करून घेत असाल तर नगाला दोन रुपये वाढवले म्हणून घासाघीस करू नका. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली उभं राहून बघा.

साडीवेडी
बाबांना नमस्कार सांग गं. आमच्या इस्त्रीवाल्या भैयांनी परवाच दर वाढवला आणि मी काही न बोलता दिले, बरं केलं वाटतंय.

कळव्याचा_शिक्षक
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. खांद्याला फिजिओ चालू आहे ना?

टपरीवाल्याची_मुलगी
हो सर, आमच्याच हॉस्पिटलात. हात आता डोक्यापर्यंत जातो.

वाशी१७
टपऱ्यांसाठी सोलर हवं. तमिळनाडूच्या तिरुवन्नामलाईच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने सौर इस्त्रीगाडी तयार केली होती, २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोललीही. आपल्याकडे सोसायट्यांनी जिन्याखाली निदान एक नीट प्लगपॉइंट तरी द्यावा. आमच्या मीटिंगला मी हा मुद्दा घेणार आहे.

फास्टलोकल
घ्याच. आमच्याकडेही मांडतो.

सीवूड्सची_काकू
विषय सोडून विचारते, बंब कुणाकडे आहे का अजून? आमचा तांब्याचा आहे, तळाला गळतो. झाळून देणारा कुणी?

माहेर_नौपाडा
काकू, जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारून बघा, कारागीर माहीत असतात त्यांना. मोडीत मात्र घालू नका.

साडीवेडी
आणि मला कुणीतरी सांगा, इरकलीला खळ करायची की नुसती ओलसर असताना घडी घालून गादीखाली ठेवायची? शुक्रवारी हळदीकुंकू आहे.

सूतकताई
सुती असेल तर पातळ खळ, सावलीत वाळव, किंचित दमट असताना उलट बाजूने इस्त्री. रेशमी असेल तर खळ नको, वर सुती पंचा टाकून मंद इस्त्री. काठ शेवटी.

साडीवेडी
सुतीच आहे. साबुदाणा भिजत टाकते.