'फेअरश्टेंडिगुंग'ला मराठीत काय म्हणावं?

जर्मनीतलं लाइपझिश शहर, ते ज्यात आहे ते साक्सन राज्य आणि जर्मन पुस्तकव्यवसायाची संघटना यांनी मिळून १९९४पासून एक पुरस्कार चालवला आहे. शहराच्या पुस्तक मेळ्याच्या उद्घाटनाला तो दिला जातो. २०१४ साली तो भारतीय लेखक पंकज मिश्रांना मिळाला होता. नावात 'युरोपीय फेअरश्टेंडिगुंगसाठी' असं आहे. हा जर्मन शब्द, अर्थ साधारण एकमेकांना समजून घेणं. एका लेखाचं भाषांतर करताना मी तिथे 'सामंजस्य' लिहिलं आणि अडकले. सामंजस्य म्हटलं की आधी 'सामंजस्य करार' आठवतो, दोन अधिकारी फाइल हातात धरून उभे असलेला. 'समजूत' तर त्याहून अवघड. ती काढायची किंवा घालायची असते, म्हणजे एकजण शहाणा आणि दुसरा रुसलेला. इथे तर दोघंही बरोबरीचे हवेत.

— 'सलोखा' का नको? त्यात आधी भांडण होतं हे मान्य केलेलं असतं. बारा-बारा वर्षं एकमेकांच्या नावावरची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सरकारनं २०२३मध्ये अदलाबदलीची योजना आणली, तिचंही नाव 'सलोखा'च. आणि युरोपात भांडणं काय कमी झाली?

— ताई, सलोख्याला जर्मनमध्ये 'फेअरझ्योनुंग' असा वेगळा शब्द आहे. फेअरश्टेंडिगुंगमध्ये एकमत होणं येतं, पण त्याआधी नुसतं एकमेकांचं बोलणं कळणं येतं. फोनवर आवाज नीट येत नसेल तर जर्मन माणूस 'फेअरश्टेंडिगुंग वाईट आहे' म्हणतो! १९९८ साली हा पुरस्कार बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सियेविच यांना मिळाला. त्यांच्या पुस्तकांत अफगाणिस्तानातून परतलेले सैनिक, चेर्नोबिलचे लोक स्वतः बोलतात. तिथे कुणाचा कुणाशी सलोखा होत नाही. पण बोलणं पोचतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

— फोनचं उदाहरण फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. आपण 'बोलणं पोचलं' म्हणतो त्यात हे सगळं आहे, फक्त त्याचं नाम होत नाही. 'संवाद' जवळचा आहे, पण संवाद होऊनही माणसं एकमेकांना न कळता उठू शकतात. म्हणून तूर्त 'युरोपीय सुसंवाद' ठेवते आणि लेखात एक वाक्य जोडते : 'एकमेकांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचावं म्हणून'. त्या 'सु'मुळे सगळं गोड गोड वाटत असेल तर जरूर सांगा. मजकूर परवा छपाईला जातोय.