मदत हवी आहे: रामलिंग ते तुळजापूर पायवाट-सायकलवाट जोडायला शासकीय निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी,

धाराशिव जिल्ह्यातल्या काही सायकलवाल्यांचा आणि शिक्षकांचा आमचा गट आहे. येडशीच्या रामलिंग मंदिरापासून धाराशिवमार्गे तुळजापूरपर्यंत पायी आणि सायकलने जाता येईल अशी सलग वाट व्हावी, तिला ढोकी-तेरकडे एक फाटा निघावा, यासाठी प्रस्ताव करतोय. वाटेचे तुकडे जागोजागी आहेत. घोडं अडलंय ते तुकडे जोडण्यापाशी.

आधी गरज सांगतो. आज येडशीहून तुळजापूरला पायी निघालेल्या माणसाला धुळे-सोलापूर महामार्गाशिवाय धड रस्ता नाही. नवरात्राच्या तोंडावर गावोगावची पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत निघतात, रात्रीची, अनवाणी, कंटेनरच्या अगदी कडेने. मागे एखादा टेम्पो चालतो, तोच काय तो आडोसा. पौर्णिमेला देवीला पायी जाणाऱ्या बायाबापड्यांचंही तेच. दरवर्षी जीव मुठीत धरून जाणाऱ्या या लोकांसाठी शेजारून एक साधी मुरमाची वाट असू नये, हे मला पटत नाही.

दुसरं कारण जुन्या छोट्या गाडीचं. बार्शी लाईट रेल्वे 1897 ला सुरू झाली आणि 1911 ला लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. पुढे ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिव शहराकडून वळवला, 2007-08 मध्ये नव्या मार्गावर गाड्या धावू लागल्या आणि घाटातली जुनी रेल्वेवाट सुटली. आगगाडी चढवायची म्हणून घातलेला भराव तो, चढ अगदी हलका. म्हातारं माणूस दम न लागता चालेल, लेकरं सायकल चालवतील.

आता अडचण. वाटेचा एक तुकडा रेल्वेचा, एक येडशी रामलिंग घाट अभयारण्यातला, काही पाणंद रस्ते (शेतांमधून जाणाऱ्या वाटा) ग्रामपंचायतींचे, शहरालगतचा भाग नगरपरिषदेचा आणि महामार्ग ओलांडायचा तिथे महामार्ग प्राधिकरण. पैसा ज्याच्या त्याच्या हद्दीपुरता येतो. एका गावाने पाणंद छान केली, पण ती शिवेवरच्या ओढ्यापाशी येऊन थांबली. पलीकडच्या गावाची वाट ओढ्याच्या त्या काठावरून सुरू होते. मधे मोरी नाही. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन, चपला हातात धरून ओढा उतरावा लागतो. ती मोरी बांधायला दोन्ही गावं राजी आहेत, पण दोघांच्याही आराखड्यात ती बसत नाही. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं, “तुकड्या-तुकड्याने मागा.” तुकडे तर आहेतच की! मागायची आहे ती जोड.

अमेरिकेत 1983 साली कायद्यात दुरुस्ती करून अशी सोय केली की बंद पडणाऱ्या रेल्वेमार्गाची पट्टी मोडायची नाही, पायवाट म्हणून सांभाळायची आणि पुन्हा गाडी सुरू करायची झाली तर रेल्वेला परत द्यायची. 1991 पासून तिथे वाटांसाठी वेगळं अनुदानही आहे. साधारण 80 टक्के वाटा केंद्राचा, उरलेला स्थानिकांनी उभा करायचा. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं लेखाशीर्ष, म्हणजे निधीचं सरकारी खातं, कोणतं?

नेमकं विचारायचं ते असं: अनेक खात्यांच्या जागेतून जाणाऱ्या कामाला कार्यान्वयन यंत्रणा, म्हणजे काम करून घेणारं कार्यालय, कोण होऊ शकते? रेल्वेच्या जुन्या भरावावर फक्त चालायला-सायकलला परवानगी मिळवलेलं गाव कुणाला माहीत आहे का? आणि देखभालीचं हमीपत्र कुणी द्यायचं?

बांधकाम_निवृत्त:
तुमचा मुद्दा बरोबर आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकामात आयुष्य गेलं, शिवेवरच्या मोऱ्या मी पुष्कळ रखडलेल्या पाहिल्यात. सगळा मार्ग एकच काम म्हणून पर्यटनाखाली न्या. जिल्हा नियोजन समितीकडून ठिकाणाला ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला की जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा मागता येतो. रक्कम मोठी असेल तर प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे, त्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मंत्रालयात जातो. दोन्हीकडे यंत्रणा एकच नेमतात, बाकीच्यांनी फक्त ना हरकत द्यायची. म्हणून अंदाजपत्रकाआधी ना हरकतींच्या मागे लागा. खासदार निधीतूनही मोरी होऊ शकते, जागा मात्र सार्वजनिक हवी.

पाणंदीसाठी 2021 ची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना बघा, तिला रोजगार हमी योजनेची जोड आहे. भूमी अभिलेखमधून गाव नकाशे काढाच. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. ज्या वाटा आज नांगरलेल्या दिसतात त्या नकाशावर जिवंत असतात. मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतात, पण त्या वाटेला आधी जाऊ नका. शेतकऱ्याच्या बांधावर बसून बोला. एकदा केस झाली की मोरी बांधली तरी वाट चालू राहत नाही.

रानवाट:
अभयारण्याचा तुकडा वेगळा ठेवा, हात जोडून विनंती. येडशी रामलिंग घाट जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं आहे. तिथे डांबर, पेव्हर ब्लॉक, दिवे काहीही मागू नका. वन्यजीव कायद्यात अशा कामाला परवानगीचा फेरा मोठा आहे आणि तो असायलाच हवा. आहे त्याच वाटेवर दिवसा चालू द्यावं, प्रवेश नोंदवून, एवढंच मागा. वनविभागाच्या व्यवस्थापन आराखड्यात ती वाट निसर्गपर्यटनाची म्हणून नोंदवून घ्या. रात्री चालणाऱ्यांसाठी अभयारण्याबाहेरचा मार्ग प्रस्तावातच दाखवा. ज्योतीवाली पोरं आणि लांडगे एकाच वाटेवर नकोत.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. रानवाट, तुमचं म्हणणं गटात मान्य आहे. अभयारण्यात फक्त दिशादर्शक दगड, तेही वनखात्याच्या मर्जीने. रात्रीची वाट धाराशिव ते तुळजापूर एवढीच धरतो, म्हणजे पहिला टप्पाही तोच. ओढ्यावरच्या मोरीसाठी दोन्ही ग्रामसभांचे ठराव एकाच मजकुराचे घेतोय, गाव नकाशांचे अर्ज या आठवड्यात देतो.

रेल्वेचं कोडं मात्र सुटलेलं नाही. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे अर्ज ग्रामपंचायतीने करावा की जिल्हाधिकाऱ्यांनी? कुणी रेल्वेच्या जागेवर रस्ता किंवा बाग करून घेतली असेल तर कराराची मुदत किती होती आणि भाडं लागलं का, ते कृपया सांगा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा जानेवारीत पक्का होतो. त्याआधी निदान पत्राची पोच तरी प्रस्तावाला लावायची आहे.