प्रति: यशदा पुरेल का?
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की सरकारी आरोग्य सेवेच्या आस्थापनेतल्या (नेमणुका-रजा-पगार बघणाऱ्या शाखेतल्या) वरिष्ठांना आठवडाभर पुण्याला यशदात, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेत, पाठवलं की नेतृत्व तयार होईल. प्रशिक्षण हवंच हो, पण आपल्या सांगलीचं चित्र बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, सांगली-मिरजेची मोठी शासकीय रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. त्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी. शेजारी-शेजारी ड्युटी करणाऱ्या दोन सिस्टर, पण रजा-पगाराचे नियम निराळे! ते गाऱ्हाणं टेबलावर आलं की ‘मार्गदर्शन मिळावे’ असं पत्र वर पाठवून साहेब मोकळे. (कायम पदं भरायची तर बहुतेकदा वरची परवानगी लागते, त्यांनी तरी काय करावं?) मला विचाराल तर प्रशिक्षणातल्या स्लाइड बंद करा, खऱ्या फायली उघडा: अडकलेली बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं ते ठरवणारी यादी), रखडलेली पदोन्नती. आणि झेडपीचा अधिकारी तीन महिने सिव्हिल रुग्णालयात बसवा, सिव्हिलचा तिकडे.