डिझाईनच्या वर्गातली प्रोजेक्टं: पडद्यावर तर छान दिसत होतं!

शेवाळी
भाची डिजिटल मीडियाच्या पहिल्या वर्षाला आहे. काल पोस्टरची प्रिंट घेऊन आली ती रडवेलीच. पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर शेवाळी उतरला होता. आरजीबीतलं (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातलं) काम तसंच छापायला दिलेलं. पडदा स्वतः उजेड फेकतो, छपाईत चार शायांवर भागवायचं. तो पोपटी त्यांत बसतच नाही. २००६ साली मीही हेच केलं होतं, फक्त माझा निळा जांभळा झाला होता. तिला धीर येईल असे तुमचे किस्से लिहा ना. कुठे फसलात, कसं निभावलंत?

काना_मात्रा
विषय पाणीटंचाई, पोस्टर ए-थ्री. फोटोशॉपमध्ये युनिकोड (हल्ली मोबाइलवर, नेटवर चालतं ते) मराठी टाकलं की अक्षरं फुटायची. 'विहिरी'तल्या पहिल्या वेलांट्या भलत्याच बाजूला, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. तेव्हा प्रेफरन्सेसमध्ये टाइपचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं निवडावं लागायचं, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एका सीनियरने दिलेल्या जुन्या, युनिकोडपूर्व (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या) फॉन्टात सगळा मजकूर कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केला. तो फॉन्ट छापणाऱ्याकडे नसला तर मराठीच्या जागी एबीसीडीची खिचडी उमटते, म्हणून कर्व्हज करून टाकले. कर्व्हज केले की अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसता आकार उरतो; टाइप करून दुरुस्ती विसरा.

दुकानात रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्याने वाचलं, "दूष्काळ?" मूळ फाईल होस्टेलवर, सबमिशन दोन तासांवर. छपाईवाल्या दादांनी दीर्घ उकार उडवला, तळाच्या ओळीतल्या 'पुरे'चा उकार कॉपी केला, ताणून मोठा केला आणि 'द'ला जोडला. जाडी काही जुळेना. सरांनी शेरा दिला: 'शीर्षकात अक्षराचा धाडसी प्रयोग.' मी मान डोलावली.

ब्लेड_आणि_डिंक
१९९१. कॉम्प्युटर नव्हताच. शीर्षक ब्रशने, मजकुराचे ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर काढलेली अक्षरं) रबर सोल्युशनने चिकटवायचे. दुरुस्तीचा एक अनुस्वार ब्लेडने कापला आणि नेमका शिंकलो. तिघंजण अर्धा तास फरशीवर ओणवे. शेवटी रॉटरिंगच्या शाईपेनाने ठिपका दिला. (तो अनुस्वार दुसऱ्या दिवशी माझ्या चपलेला सापडला.)

टोरांटोकर
टायपोग्राफीच्या वर्गात 'आपापली लिपी' असा विषय होता. मी आईची किराणा यादी घेतली. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांमध्ये घुसले. प्राध्यापकांना ती नक्षी फार आवडली! आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "लसणाचा ल हिंदीतला का गं?" फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श होते, भाषा मराठी निवडली की आपोआप येणारे. मी हिंदीवर ठेवली होती.

मोदक_३६०
क्लेचा मोदक, स्टॉप-मोशन (थोडं हलवायचं, फोटो काढायचा, मग सगळे फोटो सलग चालवायचे). सेकंदाला १२ फोटो, म्हणजे ३० सेकंदांना ३६०. खिडकीपाशी मांडलं, कॅमेरा ऑटोवर. सकाळी दहाला पहिली कळी, चारला शेवटची. चालवून पाहिलं तर मोदक पिवळा-निळा लुकलुकतोय. त्यातच दोनशेव्या फोटोच्या सुमारास पोळ्या करायला आलेल्या मावशींनी पंखा लावला होता, तेव्हा मागचा कागद फडफडला तोही आलाय. दुसऱ्यांदा खिडकीला चादर, दोन टेबललॅम्प, एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून) स्वतः ठरवून दिलेले. लुकलुक गेली, पण दिव्यांच्या उबेने क्ले मऊ पडून कळ्या बसल्या. परीक्षकांना सांगितलं, उकड सैल झाली.

खडू_ते_स्टायलस
ताई, मी शिकवते, तेव्हा दुसऱ्या बाजूनं लिहिते. एका वर्षी खऱ्या गिऱ्हाइकासाठी काम करायचं ठरलं: महिला बचत गटाच्या पापडांचं लेबल. एका मुलाने मरून आणि सोनेरी रंगात देखणं केलं. शाकाहारी खुणेचा हिरवा ठिपकाही रंगसंगती बिघडते म्हणून मरून केला! तो बदलायला लावला. वजन, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख यांच्यासाठी कोपरा कसाबसा काढला. मग गटाच्या मावशींनी लेबल उलटसुलट करून पाहिलं, कौतुक केलं आणि विचारलं, "बाळा, किंमत कुठं टाकायची?"